९ मिमी, .४०, .४५ की .३८०? घरात एकच पिस्तूल ठेवायचं आहे

ह्यूस्टनकर_सदा (धागाकर्ता)

मंडळी, अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली, नागरिकत्वही मिळालं, पण घरात शस्त्र नको या मतावर आम्ही दोघं कायम ठाम होतो. आता शहराबाहेर राहायला आलोय. शेजारी हाकेच्या अंतरावर नाही आणि पोलीस यायला वेळ लागतो. बायकोनेच विषय काढला की एक पिस्तूल असावं आणि ते दोघांनाही नीट चालवता यावं.

दुकानात गेलो तर काउंटरमागचे आजोबा .४५ सोडून बोलायलाच तयार नाहीत. ऑफिसातला एक माजी पोलीस .४० घे म्हणतो. बाकी जो तो ९ मिमी सांगतो. बायकोचे हात लहान, म्हणून एकाने .३८० सुचवलं. सेमी-ऑटोमॅटिकच (चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते) घ्यायचंय, एवढं ठरलंय. ताकद, पिस्तुलाचा आकार आणि प्रत्यक्ष वापर या तिन्हींचा हिशेब कुणी नीट मांडेल का?

शस्त्र घ्यावं की घेऊ नये, यासाठी कृपया वेगळा धागा काढा.

तिरकस_गोडबोले

रुमाल टाकून ठेवतो. "वेगळा धागा काढा" असं लिहिलं की तीच चर्चा इथे होते, हा आंतरजालाचा जुना नियम आहे.

अनू_फीनिक्स

सदा, आधी आकडे टाकते, म्हणजे पुढची भांडणं निदान आकड्यांवर होतील. (मी इथे रेंजवर नवख्यांना शिकवते आणि स्पर्धाही खेळते.) नावातला आकडा म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी, ९ मिमी मिलिमीटरमध्ये आणि .४० वगैरे इंचात.

चार-पाच इंची नळीतून साधी तांब्याच्या वेष्टनाची गोळी सोडली तर ९ मिमीची ११५ ग्रेनची, म्हणजे साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास जाते. ऊर्जा ४६०-४७० ज्यूल. .४५ एसीपीची गोळी २३० ग्रेन, वजनाने बरोबर दुप्पट, पण वेग २५५ मीटर. ऊर्जा ४८० च्या घरात. .४० एस अँड डब्ल्यूला १८० ग्रेन, ३०० मीटर, सव्वापाचशे ज्यूल. .३८० एसीपीला ९५ ग्रेन, २९० मीटर आणि २६० ज्यूल. .३२ एसीपी तर पावणेदोनशे ज्यूलवरच थांबतं. कंपनीगणिक आणि नळीच्या लांबीप्रमाणे हे थोडं इकडे-तिकडे होतं.

९ आणि .४५ ची ऊर्जा जवळपास सारखी, हे बघितलंस? मग .४५ हातात जास्त का उसळतं? कारण हाताला ऊर्जा कळत नाही, संवेग कळतो. वजन गुणिले वेग केलं तर ९ मिमीचा २.६ येतो आणि .४५ चा ३.८. जवळजवळ दीडपट. दुकानातले आजोबा ज्याला "ताकद" म्हणतात त्यातली बरीचशी ताकद त्यांच्याच मनगटाला जाणवत असते.

आकाराचं म्हणशील तर काडतूस जाड झालं की मूठ जाड होते किंवा गोळ्या कमी होतात, तिसरा मार्ग नाही. ग्लॉक कंपनीचीच मापं घे, कारण घराणं एकच आहे. मध्यम आकाराच्या मॉडेल १९ मध्ये ९ मिमीच्या १५ गोळ्या. जवळपास तेवढ्याच २३ मध्ये .४० च्या १३. .४५ ची २१ घेतलीस तर गोळ्या १३ च, पण मूठ एवढी रुंद की मला स्वतःला चाप नीट गाठता येत नाही. तुझ्या बायकोला तर विचारूच नको.

कोल्टप्रेमी

अनूताई, आकडे मान्य, पण गोळी म्हणजे नुसता आकडा नव्हे. .४५ आलं कुठून ते सांगा ना. फिलिपाइन्समध्ये मोरो लढवय्यांपुढे अमेरिकन सैन्याचं .३८ चं रिव्हॉल्व्हर तोकडं पडलं. मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी चाचण्या घेऊन सांगितलं की .४५ पेक्षा लहान गोळी नको. जॉन ब्राउनिंगने काडतूस घडवलं, १९११ साली पिस्तूल सैन्यात दाखल झालं आणि १९८५ पर्यंत टिकलं. दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम. सात गोळ्यांत ज्याचं काम होत नाही त्याचं सतरा गोळ्यांतही होत नाही. आजोबांना माझा नमस्कार सांगा.

अनू_फीनिक्स

कोल्टप्रेमी, पिस्तूल देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. १९११ चा चाप आजही ज्याला त्याला मोहात पाडतो. पण त्या चाचण्या कशावर झाल्या तेही सांगा की. शिकागोच्या कत्तलखान्यातली गुरं आणि काही मृतदेह. नमुना तुटपुंजा, निकाल एका चालीचे नाहीत आणि निष्कर्ष मात्र ठाम. त्या काळी पिस्तुलाची गोळी भरवशाने फुलत नव्हती, त्यामुळे भोक मोठं हवं तर गोळीच जाड हवी, हे तेव्हा बरोबर होतं. आज चांगली पोकळ टोकाची ९ मिमी गोळी आत शिरून फुलते आणि न फुललेल्या .४५ पेक्षा रुंद होते.

तिरकस_गोडबोले

दोन्ही बाजूंच्या आजोबांचा मान राखून विचारतो, मग .४० कुणासाठी काढलं?

अनू_फीनिक्स

ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण सदाच्या माजी पोलिसाचं मत त्यातूनच आलंय.

११ एप्रिल १९८६, मायामी. बँका लुटणाऱ्या दोघांची आणि एफबीआयची भर रस्त्यात चकमक झाली आणि दोन एजंट मारले गेले. त्यातल्या एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिमीची गोळी लागली होती. ती दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम जीवघेणीच होती, पण तो त्यानंतरही लढत राहिला. एफबीआयने खापर फोडलं ९ मिमीवर. मग जेलॅटिनच्या ठोकळ्यांवर पद्धतशीर चाचण्या सुरू झाल्या आणि एक मोजपट्टी ठरली. गोळी किमान १२ इंच आत गेली पाहिजे, पण १८ च्या पुढे नको. म्हणजे ३० ते ४५ सेंटीमीटर. आजही सगळ्या कंपन्या याच पट्टीवर आपला माल मिरवतात.

तेव्हा निवड झाली १० मिमी ऑटोची. पूर्ण भरलेलं १० मिमी म्हणजे ८०० ज्यूलच्या वर. पिस्तूल अवजड आणि धक्का जबर. म्हणून दारू कमी करून सौम्य काडतूस मागवलं. मग स्मिथ अँड वेसनच्या लक्षात आलं की दारू एवढी कमीच भरायची तर पुंगळी लांब कशाला? २५ मिमीची पुंगळी साडेएकवीसवर आणली. काडतूस आखूड झालं आणि ९ मिमीच्याच सांगाड्यात बसायला लागलं. हेच .४० एस अँड डब्ल्यू, साल १९९०. विंचेस्टर सोबत होतीच. पुढची वीस वर्षं अमेरिकेतल्या बऱ्याच पोलीस खात्यांनी हेच वापरलं.

पण सांगाडा ९ मिमीचा आणि दाबाची घाई .४० ची, त्यामुळे धक्का तुटक बसतो. .४५ ढकलतं, .४० झटका देतं. पिस्तुलं लवकर झिजली, नवशिक्यांचे नेम चुकायला लागले. दरम्यान गोळ्यांची बनावट सुधारली आणि ९ मिमी त्याच जेलॅटिनमध्ये .४० च्या बरोबरीला आलं. २०१४-१५ मध्ये एफबीआय परत ९ मिमीकडे वळली, मागोमाग पोलीसही. म्हणून आज दुकानात वापरलेली .४० ची पिस्तुलं स्वस्तात मिळतात. तुझा माजी पोलीस ज्यावर शिकला तेच सांगतोय, चूक त्याची नाही.

स्पर्धेत मात्र .४० टिकलंय. आमच्याकडे पॉवर फॅक्टर असतो. गोळीचे ग्रेन गुणिले वेग फुटांत, भागिले हजार. काही गटांत ठरावीक आकडा गाठला तर 'मेजर', म्हणजे कडेच्या फटक्यांना जास्त गुण. तिथे .४० ला अजून भाव आहे.

सुभेदार_नाना

फौजेत सगळी नोकरी ९ मिमीवर झाली. आपलं पिस्तूल ऑटो १-ए, इशापूरचं. मूळ ब्राउनिंग हाय-पॉवर, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, भरलं की किलोभर वजन. जुनं आहे, दणकट आहे, साफ ठेवलं तर दगा देत नाही. पण एक सांगतो. पिस्तूल हे कमरेचं शस्त्र. रणगाड्यात बसणाऱ्याला किंवा अधिकाऱ्याला दिलेलं. लढायचं काम रायफलचं. पंचवीस मीटरवर पिस्तुलाने माणसाच्या आकाराच्या टार्गेटला सलग गोळ्या लावणारे जवान कमीच पाहिले, आणि ते रोज सराव करणारे होते. त्यामुळे कुठला बोअर (नळीचं माप) यावर एवढं डोकं खपवण्यापेक्षा सरावाला पैसे ठेवा.

सोलापुरी_चादर

आम्हा भारतातल्यांचं काय? परवाना मिळाला तर ९ मिमी घेता येतं का?

वकीलबुवा

नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टातच लिहिलंय. सैन्याचं ९ मिमी किंवा .४५ रिमलेस (बुडाची कडा बाहेर न आलेलं) काडतूस ज्यात बसतं ते पिस्तूल प्रतिबंधित बोअर, म्हणजे पीबी. तिथेच .३८० आणि .४५५ ची रिम्ड, म्हणजे कडा बाहेर आलेली, रिव्हॉल्व्हरची काडतुसंही आहेत (हे .३८० वर चर्चेत असलेलं पिस्तुलाचं .३८० नव्हे). पीबीचा परवाना केंद्र सरकार देतं आणि तोही अपवादानेच. सर्वसामान्य माणसाला उरतं एनपीबी (अप्रतिबंधित बोअर), म्हणजे व्यवहारात .३२ आणि .२२, कुठे तरी वडिलोपार्जित .२५.

परदेशी पिस्तुलांच्या आयातीला ऐंशीच्या दशकापासून कुलूप आहे (नामांकित नेमबाजांना सवलत आहे), म्हणून इथे जुनं .३२ चं वॉल्थर सोन्याच्या भावाने विकलं जातं. नाही तर इथेच बनलेलं, ऑर्डनन्स फॅक्टरीचं वगैरे .३२ पिस्तूल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं. लग्नात हवेत बार काढलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि निवडणूक जाहीर झाली की ठाण्यातून निरोप येतोच, शस्त्र जमा करा.

थोडक्यात, इथे कॅलिबर तुम्ही निवडत नाही, ते परिशिष्ट निवडतं.

खडकीकर

वकीलबुवांच्या ".३२" मध्ये एक मेख आहे, ती सांगतो. (काडतुसांच्या कामात आयुष्य गेलं. खडकीचा १८६९ चा दारूगोळा कारखाना आमच्या घराच्या खिडकीतून दिसायचा.)

भारतात ".३२ बोअर" म्हणून दोन वेगळी काडतुसं चालतात. रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिमी. कानपूरचं रिव्हॉल्व्हर आणि २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेलं निर्भीक, ही दोन्ही पहिल्या प्रकारची. ही काडतुसं एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. दुकानदाराला नुसतं ".३२ द्या" म्हणू नका, शस्त्र कुठलं ते सांगा.

आता .३२ एसीपी हातात घेऊन बघा. बुडाशी कडा किंचित बाहेर आलेली असते, नखाने चाचपली तर कळते. ब्राउनिंगने १८९९ मध्ये ते तसं घडवलं, कारण काडतूस नळीत त्या कडेवर टेकतं. पण मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल बंद पडतं. याला रिमलॉक म्हणतात. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांत हा त्रास जास्त, कारण मॅगझिनमध्ये काडतुसाला मागेपुढे सरकायला जागा उरते. खडकीच्या 'केएफ' शिक्क्याच्या साध्या गोल टोकाच्या गोळीत तो कमी. म्हणून .३२ वाल्यांनी आयात फॅन्सी गोळ्यांची हौस करू नये. एवढ्या कमी ऊर्जेत गोळी फुलली तर खोल जात नाही, आणि खोल गेली तर फुलत नाही.

सोलापुरी_चादर

धन्यवाद काका, हे दुकानदाराने कधी सांगितलं नव्हतं. आणि मग "९ मिमी" एकच की त्यातही भानगडी?

खडकीकर

भानगडी आहेतच. आपण ज्याला ९ मिमी म्हणतो ते ९ बाय १९, जॉर्ज लुगरचं, जर्मन आरमाराने १९०४ मध्ये आणि लष्कराने १९०८ मध्ये घेतलेलं. रशियनांचं माकारोव्ह ९ बाय १८, त्याची गोळी प्रत्यक्षात सव्वानऊ मिलिमीटरची, ऊर्जा ३०० ज्यूलच्या आसपास. आणि .३८० म्हणजे ९ बाय १७, इटालियन त्याला ९ मिमी कोर्तो म्हणतात. गांधीजींच्या हत्येतलं बेरेटा १९३४ "९ एमएम"चं होतं असं आपण शाळेपासून वाचतो. ते हे कोर्तो, लुगरचं ९ मिमी नव्हे.

संपादक

वरच्या प्रतिसादातली माहिती विषयाला धरून आहे म्हणून ठेवली आहे. त्या घटनेवर पुढे चर्चा केल्यास प्रतिसाद उडवले जातील.

एच१बी_अभागी

डॅलसला असतो, एच-१बीवर. मित्र म्हणतो टेक्सासमध्ये २०२१ पासून परवान्याशिवाय बाळगता येतं, चल घेऊन टाकू. जमेल का?

अनू_फीनिक्स

थांब! तो राज्याचा कायदा. केंद्रीय कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला सर्वसाधारणपणे शस्त्र विकत घेणं आणि बाळगणं दोन्ही मना आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घे, मित्राकडून नको. चूक झाली तर प्रकरण व्हिसावर येईल. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी.

ह्यूस्टनकर_सदा

भरपूर माहिती मिळाली. अनूताई, .३८० बद्दल सांगायचं राहिलंच. बायकोसाठी ते सोपं पडेल ना?

अनू_फीनिक्स

"बाईमाणसाला लहान पिस्तूल" हा सल्ला ऐकला की मला कापरं भरतं. बहुतेक वेळा तो न खपलेलं पिस्तूल खपवू पाहणाऱ्या दुकानदाराचा असतो.

यामागे यंत्राची गंमत आहे. .३२ आणि .३८० एवढी सौम्य काडतुसं आहेत की नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकांत अडकवून ठेवावी लागत नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवरच काम भागतं. याला ब्लोबॅक म्हणतात. वॉल्थर पीपीके हे पिस्तूल तसंच. पण मग स्प्रिंग ताठर ठेवावी लागते, म्हणजे स्लाइड मागे ओढायला जोर जास्त. शिवाय नळी जागची हलत नसल्याने धक्का सरळ तळव्यात येतो. ९ मिमीला ब्लोबॅक परवडत नाही, म्हणून नळी स्लाइडमध्ये अडकते, थोडी मागे जाते, मग झुकून सुटते. या हालचालीत धक्का पसरतो. त्यामुळे मध्यम आकाराचं ९ मिमी हे पीपीकेतल्या .३८० पेक्षा हाताला मऊ लागतं, हे रेंजवर कुणीही ताडून बघावं.

याला अपवाद आहेत. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये शील्ड ईझेड नावाचं .३८० काढलं, अडकणाऱ्या नळीचं, मुद्दाम हलक्या स्प्रिंगचं. संधिवात असलेल्या माझ्या विद्यार्थिनींना मी आधी तेच देते. पुढे त्याचं ९ मिमीही आलं. आणि एक खर्चाची बाब. .३८० लहान असूनही ९ मिमीपेक्षा महाग पडतं, कारण खप कमी. .४५ त्याहून महाग. सरावाला सर्वांत स्वस्त ९ मिमीच. खिशात मावणाऱ्या चिमुकल्या पिस्तुलांच्या वाटेला दोघंही जाऊ नका. तुला ते घरात ठेवायचंय, विजारीच्या खिशात नाही.

राधानगरी_एक्सप्रेस

.२२ चं नाव कुणीच कसं घेत नाही? आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं ते .२२ वरच. विजय कुमारचं लंडनचं रौप्यही .२२ चं.

सुभेदार_नाना

बरोबर बोललात. शिकायला .२२ सारखं काही नाही. धक्का नाही, आवाज कमी, चाप ओढताना हात कुठे हलतो ते लख्ख कळतं. घराच्या रक्षणाला मात्र ते पहिली पसंती नको. काडतुसाच्या कडेत ठिणगीचा मसाला असतो, न पेटण्याचं प्रमाण मोठ्या काडतुसांपेक्षा जास्त.

कोल्टप्रेमी

ठीक आहे, सदाभाऊंच्या पत्नीसाठी ९ मिमी मान्य. पण सदाभाऊंनी स्वतःसाठी एक .४५ घ्यायला काय हरकत आहे? दोन गोळ्या जास्त फुकट गेल्या तरी मनाला बरं वाटतं. आणि भिंतीतून आरपारही कमी जातं.

अनू_फीनिक्स

आरपारबद्दल नाही हं. इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे जिप्समचे पत्रे. .३८० पासून .४५ पर्यंत सगळ्या गोळ्या असे अनेक पत्रे ओलांडतात. पुण्यातली नऊ इंची विटांची भिंत डोक्यात ठेवून इथे हिशेब करू नका. पलीकडे कोण झोपतं, हे आधी बघायचं आणि मग दिशा ठरवायची. कॅलिबर बदलून हा प्रश्न सुटत नाही.

ह्यूस्टनकर_सदा

अपडेट. रेंजवर भाड्याने घेऊन सगळी चालवून बघितली. बायकोचा छोट्या .३८० ने तळवा लाल झाला आणि तिने ते लगेच परत केलं. .४० दोघांनाही आवडलं नाही. .४५ मला मजेशीर वाटलं, पण दुसरी गोळी पहिलीच्या जवळपासही जात नव्हती. ग्लॉक १९ आणि सीझेड ७५ या दोन्हींत तिचा नेम माझ्यापेक्षा बरा, त्यामुळे निवड तीच करेल. पुढच्या महिन्यात भारतात जायचंय, आल्यावर खरेदी आणि रीतसर क्लास. तिजोरी मात्र आधीच मागवली, भाचरं येतात.

वकीलबुवा

भारतात येताय म्हणून तातडीने लिहितो. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला आणू नका. कोपऱ्यात, अस्तराखाली एखादं काडतूस राहून जातं. तिकडच्या तपासणीतून ते कधी सुटतं आणि परतीच्या वेळी मुंबई-दिल्लीच्या क्ष-किरण यंत्रात दिसतं. मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा, पासपोर्टची अडचण, विमान चुकतं ते वेगळंच. जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून उच्च न्यायालयांनी असे बरेच गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर खेटे घालावेच लागतात. ९ मिमीचं असेल तर ते इथे प्रतिबंधित बोअरचं काडतूस, म्हणजे कलम आणखी कडक लागू शकतं. जॅकेटचे खिसेही उलटे करून बघा.